यीस्ट थांबतं, उकळी थांबत नाही: वजनं, घरची बिअर आणि घर सांभाळू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

वजनं उचलायला लागून दोन महिने झाले होते तेव्हा मला बिअर बनवायचा नाद लागला, आणि त्याच वर्षी घरात बाळ आलं. या तिन्ही गोष्टी एकदम सुरू करू नका हा या लेखातला पहिला सल्ला. मी स्वतः तो पाळला नाही, म्हणूनच देतोय. सहा महिन्यांनंतर माझं स्क्वॉटचं (खांद्यावर वजन घेऊन मारायच्या उठाबशा) वजन जिथल्या तिथे होतं, दोन वेळा केलेली बिअर आंबट होऊन मोरीत गेली होती आणि बायको माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघायला लागली होती.

मी तिन्हींना सारखा वेळ वाटून द्यायला बघत होतो, आणि घोळ तिथेच होता. व्यायामाला वेळ थोडा लागतो, पण पुन्हा पुन्हा लागतो. बिअरला एक अख्खी सकाळ लागते आणि मग पंधरा दिवस ती तुम्हाला विचारतही नाही. घराला कधी किती लागेल हे आधी कळतच नाही. म्हणून आता मी प्रत्येक वेळी एवढंच विचारतो: हे थांबेल का, आणि किती वेळ थांबेल? आंबायला ठेवलेली बिअर आठवडाभराचा उशीर खपवून घेते. बारबेल, म्हणजे वजनं लावायचा लांब दांडा, दहा दिवस खपवून घेतो. शेगडीवरचं उकळायला आलेलं पातेलं दोन मिनिटंही खपवून घेत नाही. पुढची सगळी मांडणी या हिशोबावर बेतलेली आहे.

पायरी १: आधी नियम, मग घरच्यांशी बोलणं

घरी बिअर बनवणं सगळीकडे चालत नाही. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी परवान्याची अट १९६३ मध्ये काढून टाकली, अमेरिकेत केंद्रीय पातळीवर मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. अनेक ठिकाणी आजही परवाना लागतो किंवा सरळ बंदी आहे. आपण राहतो तिथला नियम वाचा, आणि परवानगी नसेल तर हा लेख व्यायामापुरता वाचा. आणखी एक, इथे फक्त आंबवण्याबद्दल लिहिलं आहे. दारू गाळणं हा वेगळा, धोक्याचा आणि बहुतेक ठिकाणी बेकायदा प्रकार आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता घरच्यांशी बोलणं. ‘थोडा वेळ लागेल’ असं म्हणू नका, तास सांगा. पंचेचाळीस मिनिटांचा व्यायाम घराच्या दृष्टीने सव्वा तासाचा असतो, कारण कपडे बदलणं, आंघोळ, आणि नंतर पाच मिनिटं नुसतं भिंतीकडे बघत बसणं हेही त्यात येतं. आठवड्याला तीन दिवस धरले तर दोन महिन्यांत तीस तास होतात. तेवढ्याच काळात एकदा बिअर केली तर बनवायला सहा आणि बाटल्या भरायला दोन, असे आठ तास. गंमत बघा, जवळजवळ चौपट वेळ व्यायाम खातो आणि भांडण बिअरवरून होतं. कारण व्यायाम दिवसाच्या कडेकडेने उरकतो, बिअर मात्र सुट्टीची अख्खी सकाळ आणि अख्खं स्वयंपाकघर घेऊन बसते.

त्यावर आमच्या घरी निघालेला तोडगा असा: सकाळ घेतली तर सकाळच परत करायची. मी एका सुट्टीच्या दिवशी सहा तास बिअर केली की पुढच्या सुट्टीचे सहा तास बायकोचे. तेव्हा मूल माझ्याकडे, आणि ती काय करते हे विचारायचं नाही. आधी मी हे तास ‘रोज अर्धा-अर्धा तास जास्त मदत करून’ फेडायचो. ते फिटत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी दिलेला वेळ कुणालाच सुट्टीसारखा वाटत नाही.

पायरी २: आठ आठवडे फक्त व्यायाम

बिअरची भांडी आणली असतील तर खोक्यातच राहू द्या. वजनांची सवय लागावी लागते. बिअरला सवय लागत नाही, एक मोकळी सकाळ लागते, आणि ती दोन महिन्यांनीही मिळेल. पाठीचं, गुडघ्याचं, हृदयाचं किंवा रक्तदाबाचं काही दुखणं असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून घ्या.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. दोन प्रकारचे दिवस आलटून पालटून करायचे. पहिल्या प्रकारात स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि बारबेल रो (कमरेतून वाकून बार पोटाकडे ओढणं), प्रत्येकी ५ रेप्सचे ३ सेट, म्हणजे सलग पाच वेळा उचलायचं, असं तीनदा. दुसऱ्यात स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं) तसेच ५ चे ३ सेट, आणि शेवटी डेडलिफ्टचा (जमिनीवरचा बार धरून उभं राहणं) ५ रेप्सचा एकच सेट. सुरुवात रिकाम्या बारने करा. ऑलिम्पिक बार स्वतःच २० किलोचा असतो. ओव्हरहेड प्रेसला तोही जड वाटला तर डंबेल घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डेडलिफ्टला रिकामा बार जमिनीवर फार खाली येतो, तेव्हा दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवून तो नडगीच्या मध्याच्या उंचीवर आणा आणि तिथून उचला.

ठरलेल्या सगळ्या रेप्स नीट झाल्या की पुढच्या वेळी स्क्वॉटला आणि डेडलिफ्टला अडीच किलो वाढवा, हातांच्या व्यायामांना सव्वा किलो. अडीच किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. आठ आठवड्यांत चोवीस सत्रं होतात, म्हणजे स्क्वॉटला साठ किलो, वर बारचे वीस. कागदावर तरी ऐंशी. प्रत्यक्षात मध्ये कुठेतरी अडकायला होतं. तीन वेळा एकाच वजनावर अडलात तर दहा टक्के उतरवून परत चढा.

सगळ्यात जड व्यायाम आधी, हे मात्र कटाक्षाने पाळा. यामागे शास्त्र आहेच, पण मला त्याची किंमत वेगळ्याच कारणाने कळली. मूल कधीही उठतं. स्क्वॉट झाला आणि आतून रडण्याचा आवाज आला तर बार रॅकवर ठेवून जाता येतं, दिवस वाया गेला असं वाटत नाही. उलट क्रमाने केलं तर हात हलवून घेतले एवढंच होतं.

दोन सेटमध्ये तीन मिनिटं थांबा. वेळ कमी असेल तर बेंच आणि रो आळीपाळीने करा: बेंचचा सेट, दीड मिनिट, रोचा सेट, दीड मिनिट. ढकलणारे स्नायू विश्रांती घेतात तोवर ओढणारे काम करतात आणि आठ-नऊ मिनिटं वाचतात. स्क्वॉटच्या बाबतीत ही काटकसर करू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर आणखी दहा मिनिटं वाचतात, पण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

घरी एकट्याने बेंच प्रेस करत असाल तर रॅकच्या सेफ्टी पिन छातीच्या पातळीच्या किंचित खाली लावा. पिन नसतील तर बारला क्लिप लावू नका. बार अंगावर अडकला तर एका बाजूला कलंडवून प्लेट्स पाडता येतात. आणि मूल रांगायला लागलं की प्लेट्स उभ्या टेकवून ठेवायची सवय सोडा. दहा किलोची प्लेट घरंगळत चिमुकल्या बोटांवर जायला हलका धक्काही पुरतो.

आठवडा तीन दिवसांचा झाला नाही तर? प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, तेव्हा दोन दिवसांचा आठवडा हा नापास आठवडा धरू नका. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा फारच कमी कष्ट पडतात. आठवड्यातून एकदाच, थोडेच सेट, पण वजन नेहमीचंच ठेवलं तर बरेच आठवडे ताकद टिकते. सेट कमी करा, वजन कमी करू नका. एक आठवडा पूर्ण बुडला तर पुढचं सत्र आधीच्याच वजनाने, दोन बुडले तर दहा टक्के कमी करून.

पायरी ३: किती बिअर लागते याचं गणित

नवखा माणूस पहिल्याच महिन्यात तीन वेळा बिअर करायचे बेत आखतो. मीही आखले होते. हे गणित आधी करा.

नेहमीची घरगुती खेप वीस लिटरची असते. गाळ वगैरे सोडून अर्ध्या लिटरच्या साधारण अडतीस बाटल्या निघतात. घरात दोघे मिळून आठवड्याला चार पीत असतील तर हा साठा नऊ आठवड्यांहून जास्त पुरतो. म्हणजे दोन महिन्यांतून एकदाच बिअर करायची गरज आहे. त्याहून जास्त वेळा केली तर कुणीतरी जास्त प्यायला लागतं, आणि तो कुणीतरी बहुधा आपणच असतो. घरात चाळीस बाटल्या आहेत ही जाणीवच माणसाला सैल करते.

पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये जवळजवळ वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर नुसत्या अल्कोहोलच्या १४०, उरलेल्या साखरेच्या वेगळ्या. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हा छंद आरोग्यासाठी नाही, हे मान्य करूनच तो करावा.

व्यायामाशी त्याचा संबंध तर थेट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतर पुरुषांना शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं होतं. सोबत प्रथिनं घेऊनही स्नायूंची बांधणी २४ टक्क्यांनी मंदावली, प्रथिनांऐवजी कर्बोदकं घेतली तेव्हा ३७ टक्क्यांनी. ऐंशी किलोच्या माणसाच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्यांएवढं होतं, त्यामुळे एका ग्लासाने सगळा व्यायाम फुकट जातो असा अर्थ काढू नका. पण एका ग्लासानेही झोप उथळ होऊ शकते, आणि लहान मूल असलेल्या घरात झोप आधीच उधारीवर असते. माझा नियम असा की व्यायामाच्या दिवशी संध्याकाळी बाटली उघडायची नाही. आठवड्यात तीन दिवस व्यायाम असला की उरलेल्या दिवसांचा हिशोब आपोआप लागतो. व्यायामाच्या आधी तर कधीच नाही, आणि बिअर शिजत असतानाही नाही. समोर वीस लिटर उकळतं पाणी असताना हात स्थिर हवा.

पिणं कमी ठेवून बनवणं जास्त वेळा करायचं असेल तर खेप दहा लिटरची करा, किंवा साडेतीन टक्क्यांची हलकी बिअर करा. हलकी बिअर चांगली करणं जड बिअरपेक्षा अवघड आहे. चुका लपायला जागाच नसते.

पायरी ४: पहिली खेप

पहिल्या दोन खेपा माल्ट एक्स्ट्रॅक्टने करा, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार पाकातून. धान्य गरम पाण्यात भिजवण्याचं काम आधीच झालेलं असतं आणि सगळं तीन तासांत आटोपतं. चव थोडी कमी येईल, पण घरच्यांना तीन तासांची सवय आधी होऊ द्या, सहाची नंतर.

पुढे धान्यावर आलात की सकाळ अशी जाते. पाणी तापायला अर्धा-पाऊण तास. भरडलेला माल्ट कापडी पिशवीत घालून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजवायचा, याला मॅश म्हणतात. या तासात माल्टमधल्या पिठाची साखर होते. तापमान खालच्या बाजूला ठेवलं तर बिअर कोरडी होते, वरच्या बाजूला ठेवलं तर अंगाने भरीव. मग पिशवी उचलून निथळायची. उरलेला गोड काढा म्हणजे वर्ट. त्याला उकळी आणायला पुन्हा अर्धा-पाऊण तास. उकळणं एक तास. सुरुवातीला टाकलेले हॉप्स (एका वेलीची फुलं) कडवटपणा देतात, शेवटच्या दहा-पाच मिनिटांत टाकलेले वास. मग वीस अंशांपर्यंत थंड करणं, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, ओतणं, यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारं खमीर) घालणं. आणि पाऊण तास भांडी. भांड्यांचा वेळ कुणीच धरत नाही, म्हणून वेगळा सांगतोय.

या सहा तासांतला मॅशचा तास बराचसा मोकळा असतो. पातेलं गोधडीत गुंडाळलं की तापमान एखाद-दोन अंशच उतरतं, आणि तासाऐवजी दीड तास झाला तरी बिघडत नाही. मला वाटायचं, व्यायामाला हीच वेळ उत्तम. वर्षभर मी तसंच केलं. स्क्वॉट करून घामाघूम होऊन यायचं, मग ती पिशवी उचलायची. पाच किलो धान्य पाणी पिऊन आठ-नऊ किलोचं होतं. ते गरम असतं, ठिबकत असतं, आणि पातेल्यावरून उचलताना हात लांब करून छातीपर्यंत आणावं लागतं. दमलेल्या पाठीने हे करणं म्हणजे सगळ्यात वाईट प्रकारची डेडलिफ्ट. आता बिअरच्या दिवशी व्यायाम करत नाही, आदल्या दिवशी डेडलिफ्ट ठेवत नाही, आणि पिशवी कप्पीला टांगतो. मॅशचा तास नाश्त्याचा. मुलगी माल्टचे दाणे मोजून मोजून खाते आणि ते गोड कसे लागतात हे मला दर वेळी नव्याने सांगते.

उकळी यायच्या आधीचा अर्धा तासही मोकळा वाटतो. तो मोकळा नाही. वर्ट दुधासारखा उतू जातो, वर येताना सूचना देत नाही, आणि शेगडीवर सांडला की चिकट, जळका पाक होऊन बसतो. मी एकदा ‘एकच सेट’ म्हणून गेलो होतो. सेटनंतरच्या तीन मिनिटांच्या विश्रांतीतच ते झालं. शेगडी घासायला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी बायकोला कोणत्याच गोष्टीचं स्पष्टीकरण द्यायच्या स्थितीत नव्हतो. ९५ अंशांच्या पुढे काटा गेला की पातेल्यापासून हलायचं नाही. फेस बसला, उकळी शांत झाली, मग निदान त्याच खोलीत दुसरं काही करता येतं. उकळण्याच्या पूर्ण तासात लहान मूल स्वयंपाकघरात नको, आणि कुणीतरी दुसऱ्याने त्याच्याकडे बघायचं हे आदल्या रात्री ठरलेलं हवं.

गरम वर्ट भरलेलं पातेलं उचलायचं नाही. दीडशे किलोची डेडलिफ्ट मारत असलात तरी नाही. वीस लिटर वर्ट एकवीस किलोच्या आसपास भरतो, आणि ते वजन बारसारखं स्थिर नसून हिंदकळणारं असतं. नळाने किंवा सायफनने उतरवा. फर्मेंटर मूठ असलेला, प्लास्टिकचा किंवा स्टीलचा घ्या. काचेचे मोठे बुधले दिसतात छान, पण ओल्या हातांतून निसटले की टाक्यांवर भागत नाही.

स्वच्छतेबद्दल एवढंच लक्षात ठेवा: उकळी संपल्यानंतर बिअरला जे जे लागेल ते आधी धुतलेलं आणि मग सॅनिटायझरमधून काढलेलं हवं. धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं. माझ्या दोन आंबट खेपांचं कारण एका नळीच्या आत बसलेला गाळ होता. तो धुतला गेला नव्हता, आणि घाणीवर सॅनिटायझर चालत नाही. ही रसायनं कुलपात ठेवा.

फर्मेंटर १८ ते २२ अंशांच्या आसपास, अंधाऱ्या पण हवा खेळती असलेल्या जागी ठेवायचा. पाच टक्क्यांच्या वीस लिटर बिअरमधून सुमारे चारशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद कपाट किंवा मुलांची झोपायची छोटी खोली यासाठी योग्य नाही.

पायरी ५: मध्येच सोडावं लागलं तर

प्रत्येक पायरीवर काय करायचं हे पाठ असलं की अर्धी भीती जाते. मुलीला अचानक ताप आला तेव्हा माझ्या पातेल्यात मॅश चालू होता. मी गोंधळून सगळं ओतून दिलं. ओतायची काहीच गरज नव्हती.

धान्य भिजवायच्या आधी काही घडलं तर प्रश्नच नाही. भरडलेला माल्ट कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे राहतो. मॅश चालू असताना जावं लागलं तर शेगडी बंद करून नीट गुंडाळून ठेवा. दोन तासांनी आलात तरी काही होत नाही. रात्रभर मॅश ठेवणारे लोक मुद्दाम तसं करतात, बिअर जरा कोरडी होते एवढंच. मात्र कोमट होऊन तसंच पडून राहिलं तर आंबट पडायला लागतं, तेव्हा सकाळी लगेच पुढचं काम हवं.

पिशवी काढून झाली असेल आणि अर्धा तास हातात असेल, तर एकदा उकळी आणा, झाकण लावा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. उकळताना सोडावं लागलं तर शेगडी बंद. नंतर पुन्हा उकळी आणून उरलेली मिनिटं पुरी करा. मधल्या काळात गरम वर्टमध्ये हॉप्स राहिल्याने कडवटपणा थोडा वाढेल. उकळणं संपलं आणि थंड करायला वेळ नाही, तर झाकण घट्ट लावून रात्रभर आपोआप निवू द्या, सकाळी यीस्ट घाला. गरम वर्ट सरळ जाड प्लास्टिकच्या, उष्णता सोसणाऱ्या कॅनमध्ये भरून निववायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रुअर्सनी रूढ केली, आणि कित्येक जण नेहमी तसंच करतात. गरम पातेलं सोडून जाताना ते मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी आहे ना, हे मात्र दोनदा बघा.

यीस्ट घातल्यावर काहीच करायचं नाही. साध्या एल बिअरचं (खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) काम दहा ते चौदा दिवसांत होतं. तीन-चार आठवडे तशीच राहिली तरी तुम्हाला फरक कळणार नाही.

हे पान मी छापून स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलंय, कारण मला जावं लागलं तर शेगडी बंद करणारी व्यक्ती बायको असते.

पायरी ६: आठवडे मांडणं

कॅलेंडर घ्या आणि आधी घरचं भरा: वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम, प्रवास, आणि जोडीदाराचे ठरलेले तास. मग व्यायामाचे दिवस. बिअर सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, आणि बिअरच्या तारखेनंतर दोन ते तीन आठवड्यांनी एक संध्याकाळ बाटल्यांसाठी.

साधा आठवडा सोमवार, बुधवार, शुक्रवार असा जातो. शनिवारी बिअर असेल तर सोमवार, बुधवार, गुरुवार असा करतो. सलग दोन दिवस येतात, म्हणून गुरुवारी फक्त हातांचे व्यायाम. शुक्रवारी रात्री मूल झोपल्यावर वीस मिनिटांत पाणी मोजून भरणं, माल्ट भरडणं, हॉप्स वजन करून वाट्यांत काढणं, सॅनिटायझर कालवणं एवढं उरकतो, आणि सकाळचा जवळजवळ एक तास वाचतो. पहाटे पाचला पाणी तापत ठेवलं तर अकराला भांडी धुऊन झालेली असतात आणि दुपार सगळ्यांची असते.

आजारपणाचा, परीक्षेचा किंवा कामाच्या धावपळीचा आठवडा आला की एकच सत्र: स्क्वॉट आणि बेंच, वीस-पंचवीस मिनिटं, नेहमीच्या वजनाने. त्या आठवड्यात बिअर नाही, बाटल्याही नाहीत. फर्मेंटरचं झाकण उघडून ‘जरा बघतो’ हेही नको. बघितल्याने लवकर होत नाही.

पायरी ७: बाटल्या

आंबणं संपलं की नाही हे एअरलॉकच्या (फर्मेंटरच्या झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी नळी) बुडबुड्यांवरून ठरवू नका, हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीने ठरवा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली की झालं. सुरुवातीचं माप १.०५० आणि शेवटचं १.०१० असेल, तर फरकाला १३१ ने गुणा, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. आंबणं अर्धवट असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि काचा छपरापर्यंत उडतात.

दर लिटरला सहा-सात ग्रॅम साखर, म्हणजे वीस लिटरला १२० ते १४० ग्रॅम. थोड्या पाण्यात उकळून, निववून, बिअरमध्ये अलगद मिसळायची आणि मग भरायचं. साखर तोलून घ्या, चमच्याने मोजू नका. हे काम दोन तासांचं आहे आणि एकट्याने कंटाळवाणं आहे. आमच्याकडे मी भरतो, बायको झाकणं ठोकते, मुलगी चिकटपट्टीवर तारीख लिहिते. आमच्या कितीतरी राहून गेलेल्या गप्पा याच दोन तासांत होतात.

बाटल्या खोक्यात, झाकण बंद करून, नेहमीच्या तापमानाला दोन आठवडे उभ्या ठेवा. आठवड्याने एक उघडून बघायला हरकत नाही, व्यायाम नसलेल्या संध्याकाळी. भसकन फेस उसळून आला तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि हाताळताना चष्मा व जाड टॉवेल वापरा. सगळं ठीक असेल तर पुढच्या खेपेची तारीख निम्मी खोकी रिकामी होईपर्यंत कॅलेंडरवर लिहू नका.